पंचविसाव्या कलमापुढे

"चूक तशी साधीच होती," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणाला, बरोबर काम करणारे म्हणाले, पुढे ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली त्यांतले निम्मे लोक हेच म्हणाले. साधी म्हणजे दुरुस्त करायला सोपी, एवढाच त्यांचा अर्थ असतो. दुरुस्तीला मला एक मिनिट लागलं हे खरं आहे. त्या मिनिटाचा मला अजून राग येतो.

१९९८ साली मुंबईची नोकरी सोडून मी रत्नागिरीला परत आले. आईचे गुडघे गेले होते, वडील एकटे किती धावणार. गावात एका खाजगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. क्लासच्या मालकांना सगळे 'सर' म्हणत. ते शिकवत काहीच नसत, पण मशीनवर धूळ बसू देत नसत आणि फुकट जाऊ देत नसत काहीही. मुलं इंग्रजी आज्ञा मंत्रासारख्या पाठ करायची. अर्थ विचारला की टकामका बघायची. दोन महिने मी ते सहन केलं आणि मग चिडून स्वतःचीच एक छोटी भाषा लिहायला घेतली. तिच्यातल्या आज्ञा मराठी होत्या, रोमन अक्षरांत टाइप करायच्या: उघड, वाच, लिही, मिट. उघड म्हणजे फाइल उघड, मिट म्हणजे फाइल बंद कर. आठवीतल्या मुलालाही कळावं असा माझा हट्ट होता.

अशा भाषेला एक इंटरप्रिटर लागतो. त्याला दुभाष्या म्हणा. माणसाने लिहिलेली ओळ तो वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि मशीनकडून ते काम करून घेतो. माझा दुभाष्या दोन ठिकाणी चालायला हवा होता. घरी माझ्याकडे जुनं मशीन होतं, त्यावर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स. क्लासमध्ये विंडोज. प्रोग्रॅम एकच, पण त्याला दोन्ही घरी नांदता आलं पाहिजे. फाइलींच्या बाबतीत ही दोन घरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. फोल्डरांच्या मधली तिरपी रेघ एकीकडे डावीकडे कलते, दुसरीकडे उजवीकडे. लिनक्सला नावातलं मोठं अक्षर आणि छोटं अक्षर वेगळं, विंडोजला सगळं सारखंच. ओळ संपली हे सांगायला एकीकडे एक खूण, दुसरीकडे दोन. मी हे सगळं निस्तरलं. एकेक करून निस्तरलं आणि प्रत्येक वेळी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मुंबईतल्या कंपनीत जे चार जणांना जमत नव्हतं ते मी रत्नागिरीत एकटीने केलं, असं मी दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. आता आठवलं की लाज वाटते.

वडिलांच्या शाळेतले एक निवृत्त मास्तर होते. मी त्यांना काका म्हणायचे. आरे-वारेच्या बाजूला, समुद्राकडे उतरणाऱ्या कातळावर त्यांची हापूसची बाग होती, एकशेचाळीस कलमांची. प्रत्येक खोडावर चुन्याने नंबर. काकांना एकच वेड होतं, साका. साका म्हणजे हापूसच्या गरात आतल्या आत धरणारा पांढरट, आंबट, भुसभुशीत भाग. बाहेरून फळ राजासारखं दिसतं, कापल्याशिवाय काही कळत नाही. काका दर मे महिन्यात प्रत्येक कलमाची पाच फळं कापायचे आणि वहीत लिहायचे: पाचात किती साक्याची. काकू कपाळाला हात लावायच्या आणि कापलेल्या फळांचा रस उन्हात वाळवून साठं घालायच्या. असं बावीस वर्षं चाललं होतं. बावीस वह्या, मास्तरांच्या अक्षरात, एकही खाडाखोड नसलेल्या.

त्या वह्यांमध्ये एक गोष्ट होती. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या कलमाला बावीस वर्षांत साका धरला नव्हता. पाचातलं एकही फळ नाही, एकाही वर्षी नाही.

आणि तेच कलम जायची वेळ आली होती. गणपतीपुळ्याला येणाऱ्या लोकांची वर्दळ वाढली होती, किनाऱ्याच्या रस्त्याला लागून हॉटेल बांधणारे जागा शोधत फिरत होते. बाग काकांनी मुलाच्या नावावर केलेली. मुलगा मुंबईला. त्याने समुद्राकडचा तुकडा विकायचं ठरवलं, आणि अठ्ठ्याऐंशी नंबर नेमका त्याच तुकड्यात. काकांनी फोनवर विरोध केला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणताय म्हणून झाड खास होत नाही. एखाद्या सरकारी माणसाने लिहून देऊ दे की ह्याच्यापासून कलमं बांधण्यासारखी आहेत. कागद दाखवा, मी तो तुकडा विकणार नाही." मुलगा शब्दाचा पक्का होता, हे काकाच मला सांगत होते.

म्हणून ते माझ्याकडे आले. आंब्यावर काम करणारे एक शास्त्रज्ञ मे महिन्यात दौऱ्यावर रत्नागिरीत येणार होते आणि तासभर द्यायला तयार होते, पण त्यांना वह्या चाळायच्या नव्हत्या. कलमवार, वर्षवार छापलेला तक्ता हवा होता.

"बाय, तुझ्या त्या मशीनात हे सगळं घालता येईल काय गो?" काकांनी विचारलं.

येईल काय! मी तर वाटच बघत होते. माझ्या भाषेला खरंखुरं काम मिळालं होतं.

थंडीभर मी घरच्या मशीनवर टाइप करत होते. काका शेजारी बसून वाचून दाखवायचे, चष्मा कपाळावर चढवून, वही नाकाला लावून. सगळं कलमवार लावून मी एका फाइलमध्ये ठेवलं. तिथे मी माझी अक्कल चालवली. कलमाचा नंबर अंक म्हणून लिहायच्या ऐवजी एका बाइटमध्ये ठेवला, म्हणजे एका अक्षराएवढ्या जागेत. जागा वाचते म्हणून. फ्लॉपीत जागा भरपूर होती, पण वाचवण्यासारखं दिसलं की वाचवायचं, ही आमच्या रक्तातली खोड आहे. फाइल फ्लॉपीवर घेतली. एप्रिलच्या सुरुवातीला विजेने एक दिवस असा काही झटका दिला की घरच्या मशीनची हार्ड डिस्क गेली. मला काडीची फिकीर वाटली नाही. फ्लॉपी होती ना! तिची दुसरी प्रत करायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मला संबंध एप्रिल महिन्यात मिळाली नाहीत.

आणि मी तपासलं नव्हतं असं मात्र नाही. हे मी अजून तावातावाने सांगते. आमच्या स्वतःच्या बागेत साठ नंबरांपर्यंत कलमं आहेत. वडिलांच्या वहीवरून त्यांची तशीच फाइल घरी करून मी क्लासच्या विंडोजवर चालवली होती. एकपासून साठपर्यंत तक्ता सुरेख छापून आला होता. शेवटच्या ओळीत साठ बघितलं आणि मी खूश.

त्याच एप्रिलमध्ये काकांकडे आंबा भरायला मी एक दिवस गेले होते. ओटीवर पेट्यांची रास, भाताचा पेंढा, आणि कागद कमी पडत होता. पेटीच्या तळाला आणि कडांना कागद लावावा लागतो, नाही तर पेंढ्याने फळाला ओरखडे येतात. वर्तमानपत्रं संपली होती. काकांनी आतून वह्या आणल्या.

"काय गो, हे सगळं आत आहे ना तुझ्या?"

"सगळं आहे काका. आता वह्यांचं काय काम?"

हे मी म्हणाले. माझ्या तोंडाने म्हणाले. काका वह्या उसवायला बसले, टाचण्या काढून वाटीत टाकत, पानं गुळगुळीत करत. चार पेट्यांना मी स्वतः कागद लावले. एका पानावर माझा हात पडला तेव्हा वाचलंसुद्धा: एकशेबारा, दोन साका. हसले आणि वर पेंढा पसरला. दुसऱ्या दिवशी ट्रक वाशीला गेला. काकांची बावीस वर्षं कुठल्या कुठल्या घरी उघडली गेली आणि केराच्या टोपलीत गेली, देव जाणे.

मे महिन्यात ते शास्त्रज्ञ साहेब आले. क्लासमध्येच बोलावलं होतं, कारण प्रिंटर तिथे. काका धुतलेलं धोतर आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. हातात पिशवी, पिशवीत अठ्ठ्याऐंशी नंबरचे सहा आंबे. मी फ्लॉपी घातली, आज्ञा दिली. प्रिंटर खरखरला आणि एक पान छापून थांबला.

पंचवीस कलमं. पंचविसाव्यापुढे काही नाही.

मी पुन्हा चालवला. पंचवीस. पुन्हा चालवला. पंचवीस. मशीन बंद करून चालू केलं, दुसऱ्या मशीनवर नेलं. साहेब घड्याळ बघत होते. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "मास्तर, पंचवीस कलमांवरून मी काय लिहून देणार? आणि तुमचं ते कलम तर यात दिसतच नाही. मूळ वह्या आहेत का? असतील तर मी आत्ता बघतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. "वह्या पेट्यांतून गेल्या," काका म्हणाले. साहेबांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी छापलेलं पान टेबलावर परत ठेवलं. आंबे कापून बघा असा काकांनी आग्रह केला, त्यांनी दोन कापले. गर केशरी, स्वच्छ. "छान आहेत," साहेब म्हणाले, "पण एका वर्षाच्या दोन फळांवरून काही म्हणता येत नाही." बरोबरच होतं ते. मला त्यांच्या बरोबर असण्याचा संताप आला.

ते गेल्यावर क्लासचे सर पुढे आले. "काय झालं?"

"फ्लॉपी खराब झाली," मी म्हणाले. "बुरशी धरली असणार. इथल्या हवेत दुसरं काय होणार."

काहीही न तपासता म्हणाले. फाइलचा आकार बघायला एक आज्ञा टाइप करावी लागते. ती मी शेकडो मुलांना शिकवली होती. त्या दिवशी मला ती सुचली नाही, कारण माझ्या भाषेत चूक असेल ही शक्यताच माझ्या डोक्यात नव्हती. हवेला दोष देऊन मी काकांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले. वर आले तेव्हा सरांनी फ्लॉपी फॉरमॅट करून, पुसून, कोऱ्यांच्या डब्यात ठेवली होती. "चांगली निघाली की," ते खुशीत म्हणाले. "वाया कशाला घालवायची?"

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. फ्लॉपी चांगली निघाली, हे त्या माणसाने मला तोंडावर सांगितलं होतं.

प्रकाश पडला जुलैमध्ये. घरच्या मशीनला नवी डिस्क बसली होती. बाहेर पाऊस, क्लासला मुलं नाहीत, आणि मला तो पंचविसाचा आकडा स्वस्थ बसू देत नव्हता. मी खोटी माहिती भरली, एक ते पन्नास. घरी लिनक्सवर चालवली: पन्नास. क्लासमध्ये विंडोजवर चालवली: पंचवीस. नवी फ्लॉपी घेतली तरी पंचवीस. मग सी भाषेचं जाडं पुस्तक काढलं, कारण माझा दुभाष्या सी मध्ये लिहिलेला होता, आणि फाइल उघडण्याचं प्रकरण नीट वाचलं. मुंबईत असताना ते मी 'माहीत आहे' म्हणून उलटलं होतं.

विंडोजवर फाइल दोन तऱ्हांनी उघडता येते. साधा मजकूर म्हणून, किंवा जशी आहे तशी. मजकूर म्हणून उघडली आणि वाचताना सव्वीस किमतीचा बाइट लागला, की फाइल इथेच संपली असं ते धरतं. फार जुन्या मशीनांची पद्धत, कुणी तरी पुढे चालवत आणलेली. लिनक्सला असला काही भेद नाही, सगळ्या फाइली सारख्याच. माझा 'उघड' नेहमी मजकूर म्हणून उघडायचा. लिनक्सवर त्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून मी कधी विचारच केला नाही. विंडोजवर सव्वीस नंबरचं कलम आलं की माझा दुभाष्या पुस्तक मिटून उभा राहायचा.

म्हणजे फ्लॉपीत सगळं होतं. एकशेचाळीस कलमं, बावीस वर्षं, अठ्ठ्याऐंशी नंबर, सगळं जिथल्या तिथे. वाचणारा दुभाष्या आंधळा होता. आणि मी ते पुसू दिलं.

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. ज्या कुणी ही पद्धत काढली त्याला शिव्या दिल्या, ज्याने पुढे चालवली त्याला दिल्या, सरांना दिल्या. मग आठवलं, आमची बाग! साठ कलमं तर नीट छापून आली होती. मग सव्वीस तिथे का अडला नाही?

वडिलांना विचारलं. ते पेपर वाचत होते. "आपल्या बागेत सव्वीस नंबर कुठे आहे?" ते म्हणाले. "पंचविसानंतर सत्तावीस. मधलं कलम राखणदाराचं. त्याच्या दगडाशी आहे ते. तुझ्या आजोबांनी मोजलं, पण त्याच्यावर चुना लावला नाही. देवाच्या झाडावर आपला नंबर घालायचा नसतो."

लहानपणापासून त्या दगडाला नारळ देताना मी हात जोडले होते. त्या झाडाचा आंबा आम्ही विकत नाही, घरात खात नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला देतो, हे मला माहीत होतं. त्याला नंबर नाही हे कळलं नव्हतं, आणि छापलेल्या तक्त्यात पंचवीसखाली सत्तावीस आहेत हेही मी बघितलं नव्हतं. शेवटची ओळ बघून खूश झाले होते. आमच्या राखणदाराने माझी चूक झाकून ठेवली होती. मला त्याचासुद्धा राग आला. मग स्वतःच्याच घरातल्या देवावर चिडल्याची भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा पुन्हा राग आला.

दुरुस्ती केली. एक मिनिट. विंडोजवर पन्नासच्या पन्नास कलमं छापून आली.

काकांना जाऊन सगळं सांगितलं. रडले, हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं. पुढच्या महिन्यांत मी साहेबांना दोन पत्रं लिहिली, मुलाला फोन केला. साहेबांनी उत्तर पाठवलं की आठवणीवर प्रमाणपत्र देता येत नाही, पाच-सहा वर्षांची नवी नोंद ठेवा, मग बघू. मुलगा म्हणाला, "ताई, मी बाबांना एक वर्ष दिलं होतं. कागद आला असता तर मी थांबलो असतो." खोटं बोलत नव्हता तो. मी काकांकडे जातच राहिले, आणि दर खेपेला ते मला चहा देत राहिले. त्यांनी मला शिवी दिली असती, काठी उगारली असती, तर मी घरी जाऊन झोपले असते. त्यांच्या त्या शांतपणाने मला जाळलं.

दिवाळीनंतर तो तुकडा गेला. कलमं मोहोरायला लागली होती तेव्हाच तोडायला माणसं आली. मी सकाळीच काकांच्या घरी पोचले. खालच्या बागेतून करवतीचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. काका ओटीवर बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. काकू आत होत्या.

"काका, ओरडा ना माझ्यावर," मी म्हणाले. "एकदा तरी ओरडा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू तपासलं होतंस म्हणालीस."

"हो."

"तुमच्या बागेच्या नंबरांवर."

"हो काका."

"माझी फ्लॉपी तुझ्याकडे कधीपासून होती?"

"मार्चपासून."

"आणि क्लासात तू रोज जात होतीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मार्चपासून मेपर्यंत रोज. माझी फ्लॉपी एकदा त्या मशीनात घालून बघावी असं तुला नाय वाटलं गो? एकदा? वह्या तेव्हा घरात होत्या माझ्या."

खाली काहीतरी मोठं पडल्याचा आवाज झाला आणि करवत थांबली. काका उठले, भिंतीला हात लावत उंबरठ्यापर्यंत गेले आणि आत गेले. दिवसा ते दार मी कधी लागलेलं बघितलं नव्हतं. मी ओटीवर उभी असताना त्यांनी ते माझ्या तोंडावर लावलं आणि आतून कडी घातली.